वाचकांचे प्रश्न : अंकोरच्या मंदिरांना जाताना

कंबोडियातील प्राचीन मंदिरांविषयी मुंबईतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बरीच पत्रे एकाच मुद्द्यावर असल्याने पहिले उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत. एका सहल कंपनीच्या व्हिएतनाम-कंबोडिया कार्यक्रमात अंकोरसाठी दीड दिवस ठेवला आहे. तेवढा वेळ पुरेल का? पत्नीचे गुडघे दुखतात; तिला हे झेपेल का? — एक वाचक, दादर

उत्तर : दीड दिवसात अंकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही तीन नावे यादीतून खोडता येतात, त्याहून अधिक काही पदरात पडत नाही. शक्य असेल तर सहलीला जोडून अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात मुक्काम वाढवावा. प्रवेशपत्राचे दर सध्या एका दिवसासाठी 37 डॉलर, तीन दिवसांसाठी 62 डॉलर आणि सात दिवसांसाठी 72 डॉलर असे आहेत. तीन दिवसांचे प्रवेशपत्र 10 दिवसांच्या मुदतीत सवडीने वापरता येते, त्यामुळे मध्ये एखादा दिवस विश्रांती घेता येते आणि आपल्या वयोगटाला ते सर्वांत सोयीचे ठरते. सायंकाळी पाचनंतर घेतलेले प्रवेशपत्र दुसऱ्या दिवसापासून मोजले जाते, हेही लक्षात ठेवावे.

गुडघ्यांची चिंता रास्त आहे, परंतु तेवढ्यासाठी बेत रद्द करण्याचे कारण नाही. अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर, ज्याला बाकान म्हणतात, कठडा असलेल्या लाकडी जिन्याने जावे लागते. हा जिना फार उभा असून उतरताना अधिक त्रास देतो, म्हणून तो आपल्या पत्नीने सरळ वगळावा. आपण स्वतः जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, आणि बौद्ध पर्वदिनी हा टप्पा बंद असतो. मात्र या मंदिरातील सर्वांत मोलाचा ऐवज वर नसून खालच्या टप्प्यावरील कोरीव भिंतींवर आहे, आणि तिथे थोड्याच पायऱ्या चढून पोहोचता येते.

हे मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याच्या कारकिर्दीत विष्णूसाठी उभारले गेले आणि त्याचे मुख पश्चिमेकडे आहे. आत शिरल्यावर आपल्या सवयीप्रमाणे प्रदक्षिणेला डावीकडे वळू नये. येथील शिल्पपट उलट्या क्रमाने, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून पाहायचे असतात. राजाच्या अंत्यसंस्काराशी या क्रमाचा संबंध असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. उजवीकडे वळताच कुरुक्षेत्राचा पट सुरू होतो. कौरवसेना डावीकडून आणि पांडवसेना उजवीकडून येते, दोन्ही दळे मधोमध भिडतात, आणि शरपंजरी पडलेले भीष्म ओळखायला कोणत्याही मार्गदर्शकाची गरज लागत नाही. दक्षिणेच्या बाजूला सूर्यवर्मनची मिरवणूक आणि त्यापुढे यमाचा दरबार आहे, जिथे चित्रगुप्तही हजर आहेत. पूर्वेच्या बाजूचा समुद्रमंथनाचा पट सुमारे 49 मीटर लांब आहे. 92 असुर आणि 88 देव वासुकीला ओढत आहेत, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि मंदराचलाच्या जवळ आलेल्या माशांचे व मगरींचे पाण्याच्या वेगाने तुकडे झालेले दिसतात. देवांच्या बाजूला शेवटी शेपूट धरून एक वानर उभा आहे, त्याला बहुतेक जण हनुमान मानतात. या भिंतीसमोर अर्धा तास सहज जातो, आणि घाईच्या सहलीत नेमका तोच मिळत नाही.

सूर्योदयाविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. पहाटे तळ्याकाठी छायाचित्रासाठी जी दाटी होते, तिच्यात उभे राहण्यापेक्षा दुपारी उशिरा जावे. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने त्या वेळी दर्शनी भागावर आणि कुरुक्षेत्राच्या पटावर चांगला उजेड असतो. पहाटेच जायचे असेल तर सूर्य वर आल्यावर लोक न्याहारीसाठी परततात, तेव्हा आपण आतच थांबावे.

ता प्रोम आणि बांते स्राय ही दोन्ही मंदिरे बहुतांशी सपाट जागेवर आहेत आणि आपल्या पत्नीला ती आरामात पाहता येतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. एप्रिलमध्ये दगड इतके तापतात की दहा-साडेदहानंतर फिरणे नकोसे होते.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणही खात नाही. तिथे जेवणाचे काय? — एक वाचक, घाटकोपर

उत्तर : सिएम रीपमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, त्यामुळे उपासमार होणार नाही. स्थानिक जेवणात मात्र सावध राहावे. माशाचा सॉस आणि प्रहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी वरून भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थांतही असते, आणि 'मांस नको' एवढे सांगितल्याने ती वगळली जात नाही. ख्मेर या स्थानिक भाषेत आपल्या अटी लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा. मंदिरांच्या परिसरात शहाळी आणि फळे भरपूर मिळतात. थेपले बरोबर घ्या, हे घाटकोपरच्या वाचकाला आम्ही सांगावे असे नाही.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ही मंदिरे भारतातून गेलेल्या राजांनी बांधली, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. ते खरे आहे का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. ही मंदिरे ख्मेर राजांनी, ख्मेर कारागिरांकडून आणि त्यांच्याच भूमीतील दगडाने बांधून घेतली. भारतातून देवता, काव्ये, लिपी आणि संस्कृत भाषा व्यापाराच्या व विद्वानांच्या मार्गाने तिथे पोहोचली आणि तेथील लोकांनी ती आपल्या पद्धतीने घडवली. तेथील शिलालेखांत देवाची आणि राजाची स्तुती प्रायः संस्कृत श्लोकांत असते, तर जमीन, तांदूळ, सेवक यांचा व्यावहारिक तपशील ख्मेर भाषेत असतो, यावरूनच दोन्ही भाषांची कामे कशी वाटली गेली होती हे दिसते.

आपल्याला जवळचा वाटेल असा दुवा कालगणनेचा आहे. हे लेख शक संवत्सरात आहेत, म्हणजे आपल्या पंचांगात आजही चालणाऱ्या त्याच गणनेत. ख्मेर राजा दुसऱ्या जयवर्मनने महेंद्रपर्वतावर, आजच्या कुलेन डोंगरावर, सार्वभौमत्वाचा विधी केल्याची परंपरा शक 724, म्हणजे इ.स. 802 अशी नोंदलेली आहे. सांबोर येथील एका लेखात शक 605 लिहिताना शून्याच्या जागी टिंब कोरले आहे, आणि काळ निश्चित असलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या खुणांत ते गणले जाते.

जाण्यापूर्वी एक सकाळ घारापुरीला द्यावी (सोमवारी लेणी बंद असतात). तेथे रावण कैलास हलवीत असल्याचा पट भग्नावस्थेत असला तरी त्याची मांडणी कळते. हाच प्रसंग इ.स. 967 मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बांते स्रायमध्ये, दक्षिणेकडील छोट्या इमारतीच्या दर्शनी त्रिकोणावर, गुलाबी वालुकाश्मात कोरला आहे. तिथे कैलास पायऱ्या-पायऱ्यांच्या पिरॅमिडसारखा आहे, म्हणजे थेट ख्मेर मंदिरासारखा, त्यावर घाबरलेले प्राणी आणि ऋषी आहेत, आणि पार्वती शिवाला बिलगली आहे. दोन्ही पट पाहिले की, उसने काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, हे आपल्यासारख्या विद्यार्थिनीला पुस्तकापेक्षा लवकर समजेल. जाताना भिंतींच्या गाभ्याकडेही पाहावे. वालुकाश्माच्या आत आणि तटबंदीत जो सच्छिद्र तांबडा दगड दिसतो तो जांभाच आहे, कोकणातल्या घरांचा आणि विहिरींचा.

भारताचा अलीकडचा वाटा निराळा आहे आणि तो निःसंशय खरा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1986 ते 1993 या काळात, कंबोडियात यादवी चालू असताना, अंकोर वाटच्या जतनाचे काम केले आणि पुढे ता प्रोमचेही हाती घेतले.

प्रश्न : बँकॉकचे विमान स्वस्त मिळते. तिथून बसने सिएम रीपला जावे काय? डॉलर किती न्यावेत? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : सध्या बसचा विचार करू नये. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर लष्करी चकमकी झाल्या आणि रस्त्याने ये-जा करण्याच्या चौक्या बंद करण्यात आल्या. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहावी आणि बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हो ची मिन्ह सिटी येथून पुढचे विमानच घ्यावे. ऑक्टोबर 2023 पासून सिएम रीपचा नवा विमानतळ सुरू आहे. तो शहरापासून सुमारे 50 किलोमीटर दूर असल्याने रात्री उशिरा उतरणार असाल तर गाडी आधी ठरवून ठेवावी.

पर्यटक व्हिसा विमानतळावर 30 डॉलरमध्ये मिळतो. ऑनलाइन काढायचा असेल तर सरकारी संकेतस्थळ नीट ओळखून घ्यावे, कारण त्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी संकेतस्थळे बरीच आहेत. आगमनाचा ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांत विनामूल्य भरता येतो. रकमेपेक्षा नोटांची अवस्था महत्त्वाची आहे. तिथे डॉलर सर्रास चालतात, पण किंचित फाटलेली किंवा डाग पडलेली नोट परत केली जाते, म्हणून मुंबईतच चलन बदलताना नोटा उजेडात धरून पाहाव्यात आणि एक, पाच व दहाच्या नोटा अधिक मागाव्यात. किरकोळ सुटे रिएल या स्थानिक चलनात मिळतात, सुमारे 4000 रिएल म्हणजे एक डॉलर.

सीमेवरील चकमकींमुळेच प्रेआह विहिआर हे कड्यावरचे भव्य शिवमंदिर सध्या बेतातून वगळावे, कारण ते वादग्रस्त सीमेला लागूनच आहे. त्याऐवजी दहाव्या शतकात काही वर्षे राजधानी असलेले कोह केर पाहावे. तेथील सात टप्प्यांचे पिरॅमिडसारखे मंदिर अंकोरच्या इतर वास्तूंपेक्षा अगदी वेगळे आहे. 2023 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले, गर्दी अजून बेताची आहे, आणि त्याचे प्रवेशपत्र वेगळे काढावे लागते.