बारा वर्षं घर चालवल्यावर कॉलेज: आधी आठवड्याचे तास मोजा

वडील आजारी पडले म्हणून एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सुटलं, पुढची बारा वर्षं घर तुमच्या पगारावर चाललं, आता धाकटी दोघं कमावती झालीत. आणि तुमचा प्रश्न असा की एकतिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊन हसं तर होणार नाही ना. वयाबद्दल मी फार बोलणार नाही. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी गेलो. दुसऱ्या आठवड्यानंतर माझं वय कोणी विचारलं नाही, सगळ्यांना माझ्या नोट्स हव्या होत्या.

जा, असंच मी म्हणेन. पण माझ्यासारखे जाऊ नका.

मी नोकरी चालू ठेवून पहिल्याच सत्रात पाच विषय घेतले. इतकी वर्षं वाया गेली ती भरून काढायची, ही घाई. साधा हिशेब केला नव्हता. युरोपात चालणाऱ्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वेळच्या एका वर्षाची ६० क्रेडिटं धरतात, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. वर्षातले चाळीस आठवडे अभ्यासाचे धरले तर आठवड्याला ३८ ते ४५ तास होतात. ही अख्खी दुसरी नोकरीच झाली! तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, तरी तासांचा अंदाज यावरून येतो. वर्गातले तास वेळापत्रकात दिसतात, घरी बसून करायचे दिसत नाहीत, आणि फसगत तिथेच होते. माझा संख्याशास्त्राचा पेपर गेला, आणखी एक विषय अर्ध्यावर सोडावा लागला. विषय सोडून फी परत मिळण्याची तारीख तोवर उलटून गेली होती.

पुढच्या सत्रापासून दोनच विषय घेतले आणि गाडी रुळावर आली. तुम्हीही दोनापासूनच सुरुवात करा आणि नोकरी इतक्यात सोडू नका. आवडतंय, झेपतंय असं एक सत्र बघा, मग सोडायची की नाही ते ठरवा. उशीर होईल, होऊ दे.

अभ्यासाची सवय मोडली आहे ही तुमची भीती मात्र खरी आहे. मला अपूर्णांकांची बेरीज अडली होती, खोटं कशाला सांगू? प्रवेशाआधी दोन महिने शाळेचं गणित पुन्हा केलं असतं तर तो पेपर कदाचित वाचला असता. दुसरं म्हणजे, मी धडे पुन्हा पुन्हा वाचायचो आणि सगळं येतंय असं वाटायचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मला फार उशिरा कळला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मात्र, पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. कामावरून दमून येणाऱ्या माणसाला याहून स्वस्त युक्ती नाही. अर्धा तास मिळाला तरी पुस्तक मिटा आणि लिहा.

आता घराबद्दल. तुम्ही फक्त पैशांचं लिहिलंय: धाकटी दोघं खर्च वाटून घेतील. छान. पण बारा वर्षांत तुम्ही नुसते पैसे दिलेले नाहीत. विम्याचा हप्ता कधी, वडिलांची औषधं कधी संपतात, नळ गळला तर कोणाला बोलवायचं, कोणत्या खात्याचा पासवर्ड काय, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. माझंही तसंच होतं. वर्गात बसलो की फोन थरथरायचा आणि मी उठून बाहेर जायचो. शेवटी एका रविवारी सगळं वहीत उतरवलं, साडेतीन पानं झाली, आणि भावाच्या हातात दिली. पहिल्याच महिन्यात त्याने वीजबिल उशिरा भरलं. मी लक्षात ठेवून स्वतः भरणार होतो, मोठ्या कष्टाने हात आवरला. दंड त्याने भरला, त्यानंतर चुकला नाही. ही सोपवासोपवी पूर्ण व्हायला तीन महिने लागले, म्हणून सत्र सुरू व्हायच्या आधीच हात घाला.

आणि हे घरच्यांना सांगताना काय ऐकावं लागेल याची तयारी ठेवा. मला वाटलं होतं खर्चावरून बोलतील. आईने विचारलं, "आमच्यामुळे राहिलं का रे तुझं?" मी "छे गं" म्हणणार होतो, पण म्हटलं, "थोडं हो. पण तेव्हा दुसरं काही करताच आलं नसतं." ती काही बोलली नाही. पुढे दोन दिवस घरात अवघडलेपण होतं. मग एके रात्री मी वाचत असताना तिने उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

एक राहिलंच. शिक्षण सुटलं तेव्हा पहिलं वर्ष पूर्ण झालं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असेल तर अर्ज भरण्याआधी जुनी गुणपत्रिका शोधा आणि ती क्रेडिटं धरतील का, हे कॉलेजला लेखी विचारा. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी अमुक वर्षांपेक्षा जुनी असली तर नाही. विषय सोडायची शेवटची तारीखही त्याच पत्रात विचारून घ्या.