एजंटाच्या ऑफिसात कर्जाचं टेबल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत माझं जागा-फ्लॅट खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे. गृहकर्जाच्या फाइली करणारा एक मित्र त्यातली निम्मी जागा मागतोय. ठरावीक भाडं नको, ‘तू पाठवलेली फाइल मंजूर झाली की फाइलमागे पैसे देतो’ म्हणतो. चालेल का?

जागा खुशाल द्या, भाडं मात्र असं ठरवू नका. फाइलमागे मिळतं त्याला दलाली म्हणतात. टीडीएस लागू होत असेल तर दलालीवर २ टक्के आणि जागेच्या भाड्यावर १० टक्के कापतात, म्हणजे हिशेब तिथेच चुकणार.

पण खरी अडचण वेगळी आहे. उद्या गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगू लागाल, ‘कर्ज याच्याकडूनच करा.’ चाळीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता महिन्याला पावणेतेराशे रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत जादा भरणा तीन लाखांच्या वर जातो. तुम्हाला मिळणाऱ्या चार-पाच हजारांसाठी त्याने हे भरायचं? अमेरिकेत १९७४च्या ‘रेस्पा’ कायद्यानुसार गृहकर्जाचं गिऱ्हाईक पाठवल्याचा मोबदला घेता येत नाही, भाड्याच्या नावाखाली दिला तरी नाही. आपल्याकडे त्या धर्तीचा स्वतंत्र कायदा नाही, पण तत्त्व घेण्यासारखं आहे. शेजारच्या गाळ्याचा दर बघून भाडं ठरवा. फाइली दहा आल्या काय आणि एकही आली नाही काय, दरमहा तेवढंच घ्या.

आणि त्याच्या फाइलींचं कपाट वेगळं हवं, किल्ली त्याच्याकडेच. गिऱ्हाइकाचा पगार किती, बँक किती देणार, हे तुमच्या कानावर आलं की घराचा भाव नेमका तेवढ्यापर्यंत चढतो. ‘छे, आम्ही असं करत नाही’ असं सगळेच म्हणतात.

प्रश्न : एकाच पत्त्यावर दोघांना वेगळा जीएसटी नंबर मिळतो का?

मिळतो. कोणता भाग कोणाकडे, हे लिहिलेला भाडेकरार, मालकाचं संमतिपत्र आणि लाइट बिल जोडा. तुम्ही स्वतःच भाडेकरू असाल तर पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. एक सांगतो, कोल्हापूर-चंदगडकडच्या पाहुण्याचा करार आणून नाव बदलू नका. महाराष्ट्रात ‘लीव्ह अँड लायसन्स’ अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो आणि त्या मसुद्यात तिथल्या कायद्याची कलमं असतात. इथल्या वकिलाकडून करून घ्या.

प्रश्न : शहापुरातल्या एका ऑफिसात घर पसंत केलं, टोकन दिलं. आता म्हणतात, ‘कर्ज आमच्याच माणसाकडून करा, नाही तर टोकन परत नाही.’ माझी पगाराची बँक कमी व्याजात देतेय.

मग तिथूनच घ्या, कर्ज कुठून घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं. टोकनच्या पावतीवर अशी अट आहे का ते बघा. नसेल तर ‘तुमचं म्हणणं लेखी द्या’ एवढंच म्हणा. बहुतेक वेळा आवाज तिथेच खाली येतो.

दोन्हीकडून मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. त्याला ‘केएफएस’ म्हणतात आणि १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या गृहकर्जांना ते द्यावंच लागतं. नुसता व्याजदर बघू नका, सगळे खर्च धरून निघालेला वार्षिक दर ताडून बघा. प्रोसेसिंग फी बँकेच्या खात्यातच भरा, टेबलावर रोख नाही. आणखी एक समज डोक्यातून काढा : ‘कर्ज मंजूर झालं म्हणजे कागद स्वच्छ.’ बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. ई-खाता म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, बोजा दाखवणारी ईसी आणि बांधकाम परवाना तुमच्या वकिलाला वेगळा दाखवा.

प्रश्न : दोन धंद्यांना मिळून एकच पाटी लावली तर?

नको. एकच नाव दिसलं की लोक एकच फर्म समजतात. पाट्या दोन करा आणि जीएसटी नंबर ज्याचा त्याच्या पाटीवर. बँकेचा लोगो तिच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीनुसार पाटीवर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या अर्ध्या भागात. मराठी खाली बसवता येते. त्यावर कट्ट्यावर हवा तेवढा वाद घाला, पण पेंटरला माप आधी द्या.

प्रश्न : निपाणीत ऑफिस आहे, कर्नाटक रेराची (घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे. कागल-कोल्हापूरचे फ्लॅटही दाखवतो. तेवढी पुरते का?

नाही. एजंटाची नोंदणी त्या-त्या राज्यापुरतीच असते. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा तर महारेराची नोंदणी हवी आणि त्यासाठी एजंटांची परीक्षाही द्यावी लागते. विनानोंदणी काम केल्यास दंड दिवसाला १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. तुमच्या ऑफिसातल्या कर्जवाल्याला रेरा लागत नाही, त्याचा करार बँकेशी असतो. पण कोल्हापूरच्या मालमत्तेवर कर्ज द्यायला ती शाखा तयार आहे का, हे त्याने आधी विचारून घ्यावं.