होडीचा ओरखडा आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : उजनीच्या पाण्यात आमची फायबरची मासेमारीची होडी आहे, 16 फुटी. यंदा पाणी ओसरल्यावर धरणात गेलेल्या जुन्या गावाच्या भिंतीवर तिचा तळ घासला. हातभर ओरखडा पडलाय, दोन ठिकाणी टवका उडालाय. पाणी आत येत नाही. घरचे म्हणतात, एम-सील लावून टाक. लावू का?
– एक वाचक, ता. करमाळा

उत्तर : दादा, एम-सील नको. ते इपॉक्सी आहे, म्हणजे वेगळ्या जातीचं रेझिन. उद्या त्यावर जेलकोट, म्हणजे होडीचा वरचा गुळगुळीत रंगीत थर, चढवायला गेलात तर तो नीट धरणार नाही, सगळं खरवडावं लागेल.

आधी टवक्याभोवती नाण्यानं ठोकून बघा. आवाज खणखणीत आला तर नुसता वरचा जेलकोट गेलाय. बद्द आला, किंवा ओरखड्यात काचेचे धागे दिसले, तर आतले थर दुखावलेत. ते काम कारागिराकडेच द्या.

वरवरचं असेल तर होडी पालथी घालून चार-पाच दिवस सुकू द्या. नेमकं हेच लोक गाळतात, आणि आत ओल राहिली की भरलेलं सुटून येतं. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा उतरत्या करा, ॲसिटोननं पुसा.

आता आपल्या उन्हाचं. जेलकोटच्या 100 ग्रॅमला एरवी 2 मिलीपर्यंत हार्डनर, म्हणजे त्याला कडक करणारं द्रव, घालतात. अक्कलकोट रोडला मी काम शिकत होतो तेव्हा मे महिन्यात भर दुपारी तेवढंच घातलं. मग्ग्यातच त्याचा दगड झाला, मग्गा हातात धरवेना. तुम्ही पहाटे, सावलीत काम करा आणि 100 ग्रॅमला सव्वा मिलीच घाला. 1 मिलीच्या खाली मात्र उतरू नका, जेलकोट पुरता कडक होत नाही. एका वेळी 50 ग्रॅमच कालवा, म्हणजे हार्डनरही त्याच्या निम्माच. हार्डनर मोजायला मेडिकलमधली 1 मिलीची सिरिंज घ्या. जेलकोट लवकर कडक व्हावा म्हणून त्यात कोबाल्टचं द्रव घालतात; ते आधीच मिसळलेला जेलकोट मागा. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच.

जेलकोट किंचित उंच भरून वर ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) दाबून चिकटवा, कारण हवा लागली की वरचा थर चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी शीट काढून 400, 600, 1000 असा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवा, मग चकाकीसाठी रबिंग कंपाउंड घासा. उन्हानं विटलेल्या जुन्या रंगाशी नवा तंतोतंत जुळणार नाही. तळालाच आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.