शर्टाची बटणं

वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मुलं आणि सरकारी कागद

प्रश्न : काकू, आमचं गाव धारूर तालुक्यात, जिल्हा बीड. मुलगा सात वर्षांचा आहे. उशिरा चालला, अजून चार-पाचच शब्द नीट बोलतो, कधी कधी चड्डीतच होतं. चार वर्षांचा असताना शिबिरात त्याचं सर्टिफिकेट निघालं होतं. आता तहसीलला गेलो तर म्हणतात, हे संपलंय. सेंटरवाल्याने नवीन फॉर्म ऑनलाइन भरून दिला, पण दवाखान्यात जायचं राहिलंय. उत्पन्नाचा दाखला ७२ हजारांचा आला, त्यावर पगार लागत नाही म्हणे. दसऱ्यानंतर आम्ही कोयत्यावर, ऊसतोडीला जातो ते पाडव्यालाच परततो. एक जण पाच हजारांत सगळं करून देतो म्हणतोय. द्यावेत का?
– एक आई (नाव छापू नये)

उत्तर : देऊ नका. हे पहिल्या ओळीतच सांगते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही ते देऊन बसाल. तो माणूस फॉर्म भरणार, तो तुमचा भरून झालाय. पुढे दवाखान्याच्या रांगेत तुम्हालाच उभं राहायचंय, लेकराला कडेवर घेऊन. तिथे तो येणार नाही.

मी तहसीलमध्ये नोकरी केली. शेवटची सहा वर्षं संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत अव्वल कारकून होते. म्हणजे तुम्ही ज्या टेबलापुढे उभ्या राहता त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसलेली आहे. गावात या योजनेच्या महिन्याच्या पैशाला ‘पगार’ म्हणतात, ते मला फार आवडायचं. आमच्या फायलींवर ‘अनुदान’ लिहिलेलं असायचं.

आधी तुमचं जुनं सर्टिफिकेट. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही, फक्त सांगितलं नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट देत नाहीत, ‘विकास मागे आहे’ एवढंच लिहून देतात. पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी, मग दहाव्या, मग अठराव्या. अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. तुमचं चौथ्या वर्षीचं होतं, ते पाचव्याला संपलं. शिबिराच्या मांडवात हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. नवीन आलं की त्यावरची मुदतीची तारीख रेशनकार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. रेशनकार्ड तुम्ही हरवणार नाही.

आता दवाखाना. इथे जरा थांबते, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली आहे.

माझ्या लेकीचा मुलगा असाच आहे. २०१८ सालच्या पावसाळ्यात आम्ही त्याला मराठवाड्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हा तो सहा वर्षांचा. तपासणाऱ्या बाई टेबलावर छापील कागद ठेवून एकेक विचारत होत्या. हातानं जेवतो का? हो. शी-शूला एकटा जातो का? हो. शर्टाची बटणं लावतो का? लेक म्हणाली, लावतो की. तिची सासू शेजारीच उभी होती. मीही मान डोलावली. खरं तर बटणं तो कधीच लावत नव्हता. वरचं एक बटण आम्ही काजात निम्मं घालून द्यायचो, तो ते पुढे ओढायचा, आणि सगळं घर टाळ्या वाजवायचं. शी-शूचंही तसंच, दाराबाहेर कोणीतरी उभं असायचंच. पण चारचौघांत ‘माझ्या लेकराला येत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही हो.

त्या कागदाचा हिशेब असा असतो. मुलाला जे जमतं त्यावरून त्याचं ‘सामाजिक वय’ काढतात. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात. आकडा ७० ते ८४ आला तर दिव्यांगत्व २५ टक्के. ५५ ते ६९ ला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५, २१ ते ३५ ला ९०, त्याखाली १००. आमच्या ‘हो, हो’मुळे नातवाचं सामाजिक वय साडेचार निघालं. सहाला साडेचार म्हणजे ७५. सर्टिफिकेट आलं २५ टक्क्यांचं. आणि संजय गांधीला किमान ४० लागतात.

‘दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने नामंजूर’ हे वाक्य मी माझ्या हाताने किती फायलींवर लिहिलं असेल, त्याची गणती नाही. त्यातल्या किती आया अशाच ‘लावतो की’ म्हणाल्या असतील, हा विचार मला तोवर एकदाही शिवला नव्हता.

मग आम्ही एक शाळेची शंभरपानी वही केली. पंधरा दिवस रोज लिहिलं : आज चहाची बशी स्वतः धरली, निम्मा सांडला. आज चड्डी ओली, दोनदा. आज शेजारच्या घरी एकटा गेला, परत यायचं सुचलं नाही, दारात रडत बसला. सर्टिफिकेटावर अपील करता येतं, दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५९ मध्ये ती सोय आहे. आम्ही अपील केलं आणि पुन्हा तपासणी मिळाली. या वेळी ती वही बाईंपुढे ठेवली आणि सासूबाईंना बाहेर बाकावर बसवलं. सामाजिक वय तीन निघालं. नातू तेव्हा साडेसहाचा, म्हणजे आकडा ४६. सर्टिफिकेट ७५ टक्क्यांचं. लेकरू तेच होतं, आम्हीच पहिल्या वेळी त्याच्या पदरात दीड वर्ष जास्तीचं घातलं होतं.

म्हणून तुम्हीही आजपासून वही करा. खोटं एक अक्षर लिहू नका, टेबलापलीकडच्या बाईंनी अशी शेकडो पोरं पाहिलेली असतात, त्यांना कळतं. फक्त एक फरक पाळा : ‘करतो’ म्हणजे कोणी हात न लावता, कोणी न सांगता करतो. निम्मं बटण घालून दिलं असेल तर उत्तर ‘नाही’. त्या दिवशी मुलाला नवे कपडे घालून, पावडर लावून नेऊ नका. रोज असतो तसा न्या. पोटभर खाऊन न्या, कारण रांग मोठी असते आणि उपाशी पोर काही करून दाखवत नाही.

ही तपासणी ठरावीक वारीच होते, मानसोपचाराचे डॉक्टर असतील त्या दिवशी. म्हणून ऑनलाइन फॉर्मची पावती घेऊन आधी एकट्याने जाऊन वार विचारून या. फॉर्ममध्ये दवाखाना कोणता निवडलाय तेही सेंटरवाल्याकडून बघून घ्या. बीडचं जिल्हा रुग्णालय निवडलं आणि गेलात अंबाजोगाईच्या मेडिकलला, तर हेलपाटा पडेल. सगळं झालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळी पट्टी, ८० पासून पुढे निळी. सर्टिफिकेट आणि हे कार्ड देशभर चालतं, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या फडातसुद्धा.

आता उत्पन्न. दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, बाकीच्या निराधारांना २१ हजार. तुमचा दाखला ७२ चा कसा आला, ते पत्रात नाही. माझा अंदाज सांगू? दीर पुण्याला कंपनीत असेल आणि तलाठ्याने एकत्र कुटुंब धरून त्याचाही पगार मोजला असेल. असं फार होतं. दीर वेगळा राहत असेल, रेशनकार्ड वेगळं असेल, तर त्याचा पगार तुमच्या दाखल्यात यायचं कारण नाही. तलाठ्यापुढे वेगळं रेशनकार्ड ठेवा आणि पुन्हा चौकशी करायला सांगा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तेही काढा, त्यावर काम भागतं. पण दोघा नवरा-बायकोचीच कमाई ७२ असेल, तर मी तुम्हाला खोटा दाखला काढायला सांगणार नाही. मग या योजनेऐवजी मी खाली सांगते ते बाकीचं घ्या.

अर्जाला महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा दाखलाही लागतो. सात वर्षांच्या पोराने पंधरा वर्षांचा रहिवास कुठून आणावा, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पडला होता. आम्ही आई-बापाचा घ्यायचो. अर्ज तुम्हीच पालक म्हणून करायचा.

आधार ही मात्र खरी मेख आहे. मुलाचं आधार तान्हा असताना काढलेलं असणार, त्यावर बोटांचे ठसे नाहीत. पाच वर्षांनंतर ठसे द्यावे लागतात. ते दिले नसतील तर आधी ते करा. मग त्याच्या नावाने, तुम्हाला पालक लावून बँकेत खातं उघडा आणि ते आधारला जोडा, कारण पैसे आता थेट खात्यात येतात. आणि नाव! सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. ‘गणेश’ आणि ‘गनेश’ अशा एका अक्षरावरून माझ्या टेबलावर फायली वर्ष-वर्ष पडून राहिल्या आहेत, आणि अर्जदाराला वाटायचं की बाई पैसे मागत आहेत.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये झाले, त्याआधी १,५०० होते. माझ्या नोकरीत बराच काळ ६०० होते, तरी लोक भांडायचे. आता तर भांडाच.

वेळेचं असं. दसऱ्याच्या आत दवाखाना आणि आधार, एवढं दोनच धरा. कार्ड तुम्ही फडावर असताना आलं तरी बिघडत नाही, पोस्टाने घरी येतं, मोबाइलवरही निघतं. तहसीलचा अर्ज नणंद, सासरा, जो गावी राहतो त्याच्या हातून दिला तरी चालेल, मात्र पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. कोणी तोंडी म्हणालं ‘होत नाही’, तर म्हणायचं, ‘साहेब, तेवढं लिहून द्या.’ मी खात्रीने सांगते, लिहून द्यायची वेळ आली की निम्म्या वेळा होतं. अर्ज पुढे तालुक्याच्या समितीच्या बैठकीत जातो, म्हणून लगेच काही होणार नाही. मंजूर झालं की वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतात. तो कोणत्या महिन्यात, हे आधीच विचारा. तेव्हा तुम्ही उसात असाल तर पगार बंद पडतो आणि पुन्हा चालू करायला नव्याने लागलेल्यापेक्षा जास्त चपला झिजतात.

बाकीचं थोडक्यात. एसटीत ४० टक्क्यांच्या पुढे तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. छोट्या गावात त्यातून हाती फार पडत नाही, पण ग्रामसेवकाकडे लेखी मागा. ‘निरामय’ नावाचा आरोग्य विमा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते. दारिद्र्यरेषेखालच्यांना पहिल्यांदा २५० रुपये भरायचे असतात. मात्र आधी खिशातून खर्च करायचा आणि मग बिलं पाठवायची. हातावर पोट असलेल्याला हे किती जमणार, मला शंका आहे. तरी काढून ठेवा. आणि शाळेत नाव घाला, कोयत्यावर जात असलात तरी. सहा ते अठरा वयापर्यंत त्याला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शिक्षण खात्याच्या गटसाधन केंद्रात अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा.

प्रश्न : मुलगी येत्या मार्चला अठरा पूर्ण करते. बौद्धिक दिव्यांगत्व ९० टक्के. बँक म्हणते, आता सही तिची लागेल, नाहीतर कोर्टातून पालकत्व आणा. वकील २५ हजार सांगतो.
– एक वडील, उदगीर

उत्तर : भाऊ, कोर्टात जायची गरज नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व या चौघांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. अठरा पूर्ण झाले की त्या समितीकडे आई-वडिलांनी अर्ज करायचा, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. ते स्वीकारावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. शाखेतल्या साहेबांना माहीत नसेल, तर तुम्ही शांतपणे सांगा.

पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलीच्या नावावर काय आहे, काय देणं आहे, याची यादी समितीला द्यायची असते, आणि दरवर्षी हिशेब. हे बहुतेक जण विसरतात. तिचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेटही अठराव्याला नवीन करून घ्या, ते शेवटचं. माझ्या नातवाला त्याला अजून चार वर्षं आहेत. लेकीने आत्ताच मोबाइलमध्ये लावून ठेवलंय, मी मात्र रेशनकार्डावर लिहिलंय.