सर्पिनच्या लॅबमध्ये पीएचडीला निघण्याआधी

तुम्ही विचारलंय, परदेशात सर्पिनवर काम करणाऱ्या लॅबमध्ये पीएचडी मिळालीय, व्हिसा येईपर्यंत काय वाचू? मी इथे याच प्रथिनांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक सर्पिनचं काम प्रोटीएजला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला, अडवणं. हेच काम करणारी इतर बरीच प्रथिनं एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसतात. स्वतःचा आकार फारसा बदलत नाहीत. सर्पिनचं तसं नाही. त्याच्या माथ्यावर सुमारे 20 अमिनो आम्लांचा लवचीक लूप असतो, उंदराच्या सापळ्यातल्या आमिषासारखा. एन्झाइम तो कापायला घेतं, त्याच्यातल्या सेरीन या अमिनो आम्लाचा लूपशी सहसंयुज बंध जुळतो, आणि कापलेला लूप झपकन सर्पिनच्या ए-शीटमध्ये (शेजारी-शेजारी पट्ट्यांची चादर) नवा पट्टा होऊन शिरतो. एन्झाइम सोबत फरफटत 70 अँगस्ट्रॉमहून जास्त अंतरावर, प्रथिनाच्या पार दुसऱ्या टोकाला जातं. तिथे त्याचं सक्रिय केंद्र विस्कटतं आणि बंध तोडणं त्याला जमत नाही.

2000 साली हंटिंग्टन, रीड आणि कॅरेल यांनी अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे सर्पिन आणि ट्रिप्सिन हे प्रोटीएज यांच्या संकुलाची (अडकलेल्या जोडीची) रचना दाखवली. तो पेपर सावकाश वाचाच. मग पीडीबी या प्रथिनरचनांच्या ऑनलाइन संग्रहातून 1क्यूएलपी (मूळ रूप) आणि 1ईझेडएक्स (संकुल) उतरवून पायमॉल या रचना पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवा. ए-शीटचे पट्टे मोजा: आधी पाच, नंतर सहा. हे स्वतः पाहिल्याशिवाय निघू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

खरा मुद्दा वेगाचा आहे. लूप आधी आत गेला तर एन्झाइम अडकतं. पाण्याने बंध आधी तोडला तर एन्झाइम मोकळं सुटतं आणि सर्पिन वाया जातं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर दोन्ही निकाल दिसतात: अडकलेल्या जोडीचा पट्टा वर, तर नुसत्या कापलेल्या सर्पिनचा मूळ पट्ट्याच्या किंचित खाली. ग्रुप मीटिंगमध्ये ‘एसआय’ हा शब्द सतत कानावर पडेल. एक एन्झाइम अडवायला किती सर्पिन खर्ची पडतात, तो आकडा म्हणजे एसआय.

आकार बदलायची ही तयारी रोगालाही वाट देते. अल्फा-1 अँटिट्रिप्सिनच्या झेड प्रकारात 342 व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसीन येतं. रेणू एकमेकांत अडकून यकृतात साखळ्या साचतात आणि फुप्फुसाला न्यूट्रोफिल इलास्टेज या पांढऱ्या रक्तपेशींच्या प्रोटीएजपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही.

गाइडला आजच मेल करून विचारा, तुमचं सर्पिन कोणतं. पीएआय-1 असेल तर 37 अंशांवर लूप न कापताच आपणहून आत सरकतो. एक-दोन तासांत निम्मं प्रथिन निष्क्रिय होतं, म्हणून प्रयोगाची आखणी घड्याळ बघूनच करावी लागते. अँटिथ्रॉम्बिन असेल तर हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळे त्याचा लूप कसा मोकळा होतो, ते आधी वाचून घ्या. नाव कळलं की इथेच लिहा, त्यानुसार पुढचे पेपर सुचवतो.