गावात एकच सरकारी बालवाडी, तिचा निकाल घसरलेला. मुलीला तिथे घालावं का?

तुमचं गाव लहान, सरकारी बालवाडी एकच, तिचे मूल्यमापनाचे आकडे यंदा घसरलेत आणि मुलगी साडेतीन वर्षांची. तिथेच घालावं की रोज तासभर गाडीने दूरच्या शाळेत न्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी 11 वर्षं अशाच एका बालवर्गाला शिकवतेय, म्हणून सांगते.

आधी तो आकडा. वर्गात 14 मुलं असली तर एकेक मूल सात टक्क्यांचं असतं. तपासणीच्या दिवशी दोघं तापातून नुकतीच उठलेली असली, की निकाल 14 टक्क्यांनी खाली. माझ्याच वर्गाचा निकाल एका वर्षी उत्तम आणि पुढच्या वर्षी सुमार लागलाय. खोली तीच, शिकवणारी मीच.

शिवाय या वयात मोजतात ती बहुतेक अक्षरओळख आणि अंक. अमेरिकेत टेनेसी राज्यात संशोधकांनी सुमारे 3,000 मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. सरकारी बालवर्गात गेलेली मुलं सुरुवातीला पुढे होती, पण सहावीत ती न गेलेल्यांच्याही मागे पडली. बोस्टनमध्ये उलट झालं: शाळेतल्या चाचण्यांत फरक दिसला नाही, पण पुढे कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. तेव्हा बालवाडी सरकारी की खासगी यावरून, किंवा पहिल्या वर्षाच्या गुणांवरून, मी तरी काही ठरवणार नाही.

त्यापेक्षा एक सकाळ वर्गात जाऊन बसा आणि कान देऊन ऐका. एखाद्या मुलाच्या हातून पाणी सांडलं तर बाई काय म्हणतात? "पुस आधी" म्हणून विषय संपतो, की "पाणी कुठे पळालं रे? तिकडेच का बरं?" असं बोलणं पुढे चालतं? मूल उत्तर देईपर्यंत बाई थांबतात का? माझ्या वर्गात एक मुलगा चार महिने अवाक्षर बोलला नव्हता. एकदा वाळूत खेळताना हळूच म्हणाला, "माझी गोगलगाय झोपलीय." त्या दिवशी त्याच्याशेजारी बसायला मला वेळ होता, म्हणून ते ऐकू आलं. तपासणीच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

हा वेळ हाताशी माणसं असली तरच मिळतो. म्हणून बाईंना मदतनीस आहे का, हे जरूर विचारा. दर 10 मुलांमागे एक मोठं माणूस असेल तर चांगलं. गेल्या तीन वर्षांत बाई किती वेळा बदलल्या, हेही विचारा. दर वर्षी नवा चेहरा असेल तर मला खरी काळजी तिथे वाटेल. तीन ते पाच वर्षांची मुलं एकाच खोलीत असतील तर मात्र घाबरू नका. लहानगी मोठ्यांकडून भराभर बोलायला शिकतात.

एवढं पाहून वर्ग बरा वाटला, तर जवळचीच निवडा. तासभर गाडीत बसून आलेलं मूल वर्गात पोहोचतं तेच पेंगुळलेलं.

जाल तेव्हा पालकभेटीचा दिवस टाळा, साधा दिवस निवडा. आणि पहिल्या वेळी मुलीला बरोबर नेऊ नका, तुमचं सगळं लक्ष तिच्याकडेच राहील.