एक्सेलमधली विक्री टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दर महिन्याला हातानं भरावी लागते. ही कटकट टेम्प्लेटनं सुटेल का?

हो, बरीचशी. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेल थेट आत घेता येते. ऑल्ट+ओ दाबून इम्पोर्ट उघडा, तुमचा कोणता कॉलम टॅलीतल्या कोणत्या रकान्यात जाणार ते एकदा जुळवून टेम्प्लेट सेव्ह करा. पुढच्या महिन्यात तेच वापरायचं.

खरी डोकेदुखी लेजरच्या, म्हणजे खात्यांच्या, नावांची. एक्सेलमध्ये ‘गणेश ट्रेडर्स’ आणि टॅलीत ‘गणेश ट्रेडर’ असेल, तर तेवढ्या फरकापायी नोंद अडू शकते. मी नावांचा कॉलम टॅलीतल्या यादीवरूनच ड्रॉपडाउन करून ठेवलाय. तारखाही टेक्स्ट म्हणून पडल्या नाहीत ना, बघा.

आधी बॅकअप घ्या आणि पाच-दहा नोंदींवर करून पाहा. मी घाईत हजारेक ओळी ढकलल्या होत्या, निस्तरायला रविवार गेला!